मूर्तीच्या एका गालावरची काजळी

"काका, तो वास परत येऊन राहिला," मिलिंद फोनवर म्हणाला. "तुमी तर म्हणले होते पक्कं काम आहे."

एप्रिल संपत आला होता. नागपुरात या दिवसांत घरोघरी कूलर सुरू असतात आणि मला असे फोन येतात. आग लागून गेलेल्या घरात धूर भिंतीच्या प्लास्टरमध्ये शिरून बसतो. कोरड्या हवेत तो गप्प असतो. कूलरची ओली हवा लागली की त्याचा वास सुटतो. मग लोक घाबरतात. मी जातो, वास कुठून येतो ते शोधतो, तेवढा भाग खरवडतो, प्रायमर मारतो आणि चहा घेऊन परत येतो.

माझा धंदा पेंटिंग कॉन्ट्रॅक्टरचा. उतारवयात मी मोठी कामं सोडली आणि धुराने काळी झालेली घरं साफ करण्याचं काम धरलं. या कामात फारसं कोणी नसतं. पेंटर येतो, काळ्या भिंतीवर सरळ रंग मारतो आणि पाऊस सुरू झाला की त्या रंगातून पिवळे डाग वर येतात. मला हे डाग थांबवता यायचे. म्हणून लोक मला बोलवायचे.

मिलिंदला मी म्हणालो, "संध्याकाळी येतो."

"आजच या. आईचं डोकं खाऊन राहिला तो वास. अन् आई आमचं."

फोन ठेवला. धुराच्या वासाची मला भीती नव्हती. ते घर कशाने जळलं हे मला माहीत होतं. घरच्यांना माहीत नव्हतं. वर्ष होत आलं होतं आणि मी ते कोणाला सांगितलं नव्हतं.

हे घर नागपुरातल्या नंदनवन भागात आहे. पुढे हॉल, मागे बेडरूम, बाजूला स्वयंपाकघर. मिलिंद शहराबाहेरच्या वाडीला एका ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनमध्ये सुपरवायझर आहे. त्याची आई वत्सलाबाई अंगणवाडीतून रिटायर झालेली. मिलिंदच्या लग्नाच्या आधी ते घर मीच रंगवलं होतं. फिकट निळा हॉल, पांढरं छत. लग्नाला आलेल्या पाहुण्यांनी रंगाचं कौतुक केलं, तेव्हा वत्सलाबाईंनी मला पुढे ओढून सांगितलं होतं, "ह्या भाऊनं केलं. पायजा, बोर्डाच्या बाजूले एक रेघ नाय रंगाची."

बोर्डाच्या बाजूला रेघ नसणं ही माझी खासियत होती. बहुतेक पेंटर स्विचबोर्डाच्या कडेने ब्रश फिरवतात. प्लेटवर थोडा रंग लागतो, भिंतीवर थोडी फट राहते. मी तसं करत नसे. मी मेन स्विच बंद करायचो, प्लेटचे स्क्रू काढायचो, बोर्ड बाहेर ओढून लोंबत ठेवायचो आणि त्याच्या मागेपर्यंत भिंत रंगवायचो. वाळल्यावर परत बसवायचो. इलेक्ट्रिशियन कधी बोलावला नाही. चार स्क्रू काढायचे आणि चार लावायचे, त्यात काय विशेष, असं मला वाटायचं.

लग्नानंतरच्या उन्हाळ्यात, बुद्धपौर्णिमेच्या संध्याकाळी, हॉलला आग लागली.

घरातली सगळी विहारात गेली होती. निघण्यापूर्वी वत्सलाबाईंनी हॉलमधल्या बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावली, वंदना म्हटली. हॉलच्या खिडकीत कूलर होता. तो सुरूच ठेवला होता, परत येऊ तेव्हा घर गार मिळावं म्हणून. आमच्याकडे सगळेच असं करतात. शेजाऱ्यांना खिडकीतून धूर दिसला. त्यांनी बाहेरून वीज तोडायला लावली, फायर ब्रिगेडला फोन केला. गाडी लवकर आली. कोणाला काही झालं नाही. गर्दीत कोणीतरी विचारलं, घरात काही पेटतं ठेवलं होतं का. कोणीतरी म्हणालं, आज पौर्णिमा, मेणबत्ती असेल. मूर्तीचं लाकडी शेल्फ कोळसा झालेलं सगळ्यांना दिसत होतं. तेवढ्यावर ठरलं.

"मी विझवली होती," वत्सलाबाई म्हणाल्या. "चिमटीनं विझवली. मी फुंकर नाय मारत कधी."

"आई, आता राहू दे," मिलिंद म्हणाला.

आगीनंतर पहिल्यांदा मी घरात शिरलो तेव्हा हे बोलणं माझ्या कानावर पडलं. मी दारातच उभा होतो. इतकी घरं पाहिली, तरी जळलेल्या खोलीत पहिलं पाऊल टाकताना मी अजून थांबतो. आग काय करते ते सगळ्यांना ठाऊक असतं. धूर काय करतो ते पाहिल्याशिवाय पटत नाही.

आग हॉलमध्येच विझली होती. धूर मात्र घरभर फिरून आला होता. बेडरूमचं दार बंद होतं, तरी दाराच्या फटीतून तो आत गेला होता आणि आतल्या भिंतीवर फटीच्या रुंदीचा काळा पट्टा उमटला होता, सुतारानं दोरी मारल्यासारखा. लोखंडी कपाट बंद होतं. आत हँगरवर टांगलेल्या लग्नाच्या शालूच्या खांद्यांवर काजळी होती, बाकी शालू लाल होता. स्वयंपाकघरात तिखटाच्या डब्याचं झाकण काढलं तर आतल्या कडेला करडी रेघ. छताच्या कोपऱ्यांत काळी जाळी लोंबत होती. लोकांना ती कोळ्याची वाटते. कोळ्याचा तिथे काही संबंध नसतो. काजळीचे कण हवेत एकमेकांना धरतात आणि त्यांचे धागे होतात.

मला सगळ्यात नवल वाटतं ते भिंतीवर स्वच्छ राहिलेल्या आकृत्यांचं. कॅलेंडर जिथे होतं तिथे ते काढल्यावर कोरा निळा चौकोन. घड्याळाखाली गोल. सुनेने खुंटीला छत्री अडकवली होती. छत्री हलवली आणि मागे छत्रीच राहिली, मुठीच्या वळणासकट. जणू घराने डोळे मिटायच्या आधी प्रत्येक वस्तू कुठे होती ते लिहून ठेवलं होतं.

ते वाचता येतं. माझ्या कामात ते हळूहळू येतं. आग खालून वर जाते आणि जाताना पसरते. म्हणून भिंतीवर तिची खूण सुपासारखी दिसते, वर रुंद आणि खाली निमुळती. निमुळतं टोक जिथे टेकतं तिथे आग जन्मलेली असते. मी ते टोक शोधायला कधी मुद्दाम जात नाही. डोळे आपोआप जातात.

मूर्तीचं शेल्फ छातीइतक्या उंचीवर होतं. ते खिडकीकडच्या बाजूने जळत जाऊन एका टोकाने लोंबलं होतं. मी खाली वाकून पाहिलं. खिडकीपासून लांबचं टोक अजून ताज्या लाकडाच्या रंगाचं होतं. सुपाचं टोक तिथे नव्हतं. ते खिडकीखाली होतं, गुडघ्याच्या उंचीवर, जिथे कूलरचा प्लग लावत असत त्या सॉकेटवर. तिथून काळी खूण पडद्यावर चढली होती. कूलरच्या टाकीतलं पाणी संपलं असावं. त्याच्या बाजूंच्या, कोरड्या झालेल्या गवताच्या ताट्यांनी पेट घेतला होता. तिथून आग शेल्फवर आली होती.

मग मी मूर्ती हातात घेतली. पांढऱ्या प्लास्टरची, वीतभर उंच. शेल्फ एका टोकाने खाली आलं तशी ती घसरून कोपऱ्यात अडकली होती, फुटली नव्हती. तिचा खिडकीकडचा अर्धा चेहरा काळा होता. दुसरा गाल स्वच्छ पांढरा. नाकाच्या मधोमध रेघ ओढल्यासारखं. मेणबत्ती समोर असायची. मेणबत्तीने आग लागली असती तर चेहरा समोरून काळा झाला असता. हा बाजूने झाला होता. कूलरच्या बाजूने.

त्या शांत चेहऱ्याने सगळं सांगून टाकलं होतं. कशाने, कुठून, कोणत्या दिशेने. ते सॉकेट लग्नाच्या वेळी मी बाहेर काढलं होतं, मीच परत बसवलं होतं.

इथे थोडं समजावून सांगायला हवं. सॉकेटच्या मागे तारा येतात. प्रत्येक तार एका पितळी खाचेत घालून वरून बारीक स्क्रूने दाबलेली असते. बोर्ड बाहेर ओढला की तारा पिळतात आणि तो स्क्रू किंचित सैल होऊ शकतो. इतका किंचित की पंखा फिरतो, कूलर चालतो, काहीच कळत नाही. पण तार आणि पितळ यांच्यामध्ये केसाएवढी फट पडते. वीज ती फट ओलांडत राहते आणि तिथे उष्णता तयार होते. कूलर दिवसरात्र चालतो, महिनोन् महिने. जोड तापतो, तापला की आणखी सैल होतो, आणखी तापतो. एमसीबी पडत नाही. एमसीबी म्हणजे वीज प्रमाणाबाहेर गेली की आपोआप बंद होणारा खटका. इथे वीज प्रमाणातच असते. फक्त एका स्क्रूपाशी ती अडखळते.

स्क्रूचा पाव फेरा. तेवढ्यावर एक हॉल जळाला.

वत्सलाबाई माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या. "भाऊ, तुमाले तर समजते ह्यातलं. मेणबत्तीनंच लागली का?"

मी मूर्ती खाली ठेवली. "आगीचं काही सांगता येत नाही बाई," मी म्हणालो.

त्या पदराने हात पुसत आत गेल्या.

धुराचं घर साफ करायची एक पद्धत आहे. पंखा लावायचा नाही, काजळी उडते. ओलं फडकं तर मुळीच लावायचं नाही. काजळी तेलकट असते, पाणी लागलं की भिंतीत मुरते. आधी व्हॅक्युमने सुटी काजळी ओढायची. मग कोरड्या रबरी स्पंजने वरून खाली एकेक पट्टा पुसायचा. स्पंज काळा झाला की त्याची पापडी कापून टाकायची. त्यानंतर साबणसोड्याच्या पाण्याने धुवायचं, आणि धुताना मात्र खालून वर जायचं, नाही तर ओघळ कायमचे राहतात. मी नेहमी आगीपासून सगळ्यात लांबच्या खोलीतून सुरुवात करतो. आग जिथे लागली ती भिंत शेवटी.

त्या घरात मी ती भिंत सगळ्यात आधी पुसली. मूर्ती त्याच्याही आधी.

मिलिंदने जळलेलं सॉकेट बदलून घेतलं. इलेक्ट्रिशियनला ते जळलेलंच मिळालं, त्याला काय कळणार. मी मिलिंदला जाता जाता म्हणालो, "बाकीचे बोर्डही एकदा दाखवून घे." का ते सांगितलं नाही. तो हो म्हणाला आणि विसरला. का ते न सांगता सांगितलेली गोष्ट कोण लक्षात ठेवतो.

घर पुन्हा रंगवताना मी बेडरूमच्या बोर्डाला हात लावला नाही. कडेने टेप चिकटवला आणि इतर पेंटरांसारखा ब्रश फिरवला. तो बोर्डही लग्नाच्या वेळी मीच उघडला होता. मला आत पाहायचं नव्हतं.

त्यानंतर मी आणखी एक गोष्ट केली, तीही सांगतो. कॉलन्यांमध्ये, महिला मंडळांत मला बोलवायचे. काका, आगीपासून घर कसं वाचवायचं ते सांगा. मी गॅसची नळी सांगायचो, एकाच पॉइंटवर चार पिना लावू नका म्हणायचो. मग विचारायचे, एखादं उदाहरण सांगा. मी नंदनवनातलं घर सांगायचो. पौर्णिमा, मेणबत्ती, घरात कोणी नाही. नाव घेत नव्हतो. नंदनवनात नावाची गरज नव्हती. बायका हळहळायच्या. ते उदाहरण सगळ्यांना चटकन समजायचं.

एकदा विहाराच्या रस्त्यावर वत्सलाबाई भेटल्या. मी विचारलं, कशा आहात.

"बरी आहो. आता मेणबत्ती नाय लावत. मिलिंदनं विजेचा दिवा आणून देला, प्लगमधला. गॅसही सूनच पेटवते." थोडं थांबून म्हणाल्या, "मले वाटते भाऊ, मी नसनच विझवली. विझवली विझवली म्हणून राहिली होती, पण नसन विझवली. वय झालं."

मी तेव्हाही काही बोललो नाही. आणि मग एप्रिलमध्ये मिलिंदचा फोन आला.

संध्याकाळी पोचलो. दार सुनेने उघडलं. तिचं नाव सुजाता. "या काका. आईंनी सकाळी शेजारच्या काकूंना विचारलं, मासे तळून राहिल्या का म्हणून. त्या शाकाहारी. आता बोलत नाहीत आमच्याशी."

हॉलमध्ये मी नाक लावून फिरलो. माझ्या प्रायमरने धूर धरून ठेवला होता. वास नव्हता.

"इथं नाय येत," वत्सलाबाई म्हणाल्या. "आत येते. माह्या पलंगाजवळ. अन् तो धुराचा नाय. मासळीसारखा आहे."

"आईले आजकाल काहीही वास येते," मिलिंद म्हणाला. "परवा म्हणे गॅस सुरू आहे. बंद होता."

"बंद होता म्हणून इचारू नये का गा?" त्या म्हणाल्या.

"मासळीसारखा?" मी विचारलं.

"हो. सुकट भाजल्यासारखा. कूलर लावला की येते, बंद केला की जाते."

हॉलचा कूलर जळाल्यावर त्यांनी नवा घेतला होता आणि तो बेडरूमच्या खिडकीत लावला होता. वत्सलाबाई तिथेच झोपत. कूलर सुरू होता. त्याचा प्लग पलंगाच्या उशाकडच्या बोर्डात होता. मी वाकलो आणि मलाही वास आला. विजेचं प्लॅस्टिक आतून तापू लागलं की आधी जळका वास येत नाही. असाच येतो, खवट, मासळीसारखा. ते मला धंद्यात फार उशिरा समजलं होतं, आणि अनेकांना कधीच समजत नाही. बोर्ड जळाल्यावर आठवतं की महिनाभर वास येत होता.

मी हाताची पालथी बाजू प्लेटला लावली आणि मागे घेतली. तव्यावरून उतरवलेल्या भाकरीइतकी गरम होती.

"मिलिंद, मेन बंद कर."

"काहून? काय झालं?"

"आधी बंद कर. मग सांगतो."

कूलर थांबला. घरात एकदम शांत झालं. टेस्टरने तपासून मी प्लेटचे स्क्रू काढले आणि बोर्ड बाहेर ओढला. मोबाइलचा टॉर्च सुजाताने धरला.

ते मी कधी विसरणार नाही. आग लागून गेल्यावरची घरं मी पुष्कळ पाहिली. आग लागायच्या आधीचं घर पहिल्यांदाच पाहिलं. लाल तारेचं कव्हर टोकाला तपकिरी होऊन आक्रसलं होतं. सॉकेटचं पांढरं प्लॅस्टिक एका जागी कॅरमलसारखं पिवळं, मग तपकिरी, आणि मधोमध मोहरीएवढा काळा ठिपका. तेवढंच. मागच्या वर्षी याच खोलीच्या पलीकडे जे सगळं काळं झालं होतं, शालू, तिखटाचा डबा, छत, ते सगळं या ठिपक्यात मावत होतं. ते अजून बाहेर आलं नव्हतं. उशी वीतभर अंतरावर होती.

मी स्क्रूला बोट लावलं. पेचकस लागला नाही. बोटानेच फिरला.

"हे आपोआप सैल होते का?" मिलिंदने विचारलं.

मी हो म्हटलं असतं तर चाललं असतं. त्यात अर्धं खरंही होतं.

"नाही," मी म्हणालो. "हा मी सैल केला. लग्नाच्या वेळी रंगवताना सगळे बोर्ड मी उघडले होते. हॉलमधलाही. तुमचा हॉल मेणबत्तीने जळला नाही. कूलरच्या सॉकेटने जळला. मी आलो त्याच दिवशी मला दिसलं होतं."

सुजाताच्या हातातला उजेड खाली गेला.

"त्याच दिवशी?" मिलिंद म्हणाला. त्याचा आवाज चढला नाही, उलट बसला. "काका, आईले मी वर्षभर काय काय बोललो तुमाले मालूम आहे का? तिच्या हातातून माचीस काढून घेतली मी. तिले एकटीले घरात ठेवत नव्हतो. अन् तुमी चहा पिऊन जात होते."

"हो," मी म्हणालो.

"तुमची तर रोजी होती ना गा ही. तुमीच जाळायचं, तुमीच पुसायचं."

मी टेस्टर खिशात ठेवला.

वत्सलाबाई पलंगाच्या कडेला बसल्या होत्या. त्या मिलिंदकडे नाही, माझ्याकडेही नाही, त्या उघड्या बोर्डाकडे पाहत होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे मी विझवली होती."

"हो बाई."

"चिमटीनं."

"तुम्ही म्हणता तर चिमटीनेच. मेणबत्तीचा काही संबंध नव्हता."

"मूर्तीचा एकच गाल काळा होता," त्या म्हणाल्या. "मी पायलं होतं. तुमी पुसून राहिले होते तवा. मले वाटलं, हे असं काहून? इचारणार होती. मग वाटलं, मले आता काय समजते."

मी आयुष्यभर भिंती वाचल्याचा अभिमान बाळगला. त्यांनीही तेच वाचलं होतं, माझ्या खांद्यावरून, आणि माझ्यामुळे स्वतःवर विश्वास ठेवला नव्हता.

मी इकबालला फोन लावला. इकबाल इलेक्ट्रिशियन आहे, माझ्या ओळखीचा. तो आला आणि त्याने घरातला एकेक बोर्ड उघडला. बेडरूमचं सॉकेट बदललं. तारेचं जळकं टोक कापून नवीन काढलं. स्वयंपाकघरात आणखी एक स्क्रू सैल निघाला, फ्रिजचा. इतर जोडांवर धुराने हिरवट गंज धरला होता. काजळीत आंबट अंश असतो, तो पितळ खातो. इकबाल मला म्हणाला, "चाचा, रंगवाले हात लावून जातात अन् शिव्या आमाले बसतात." त्याला तेव्हा काही माहीत नव्हतं. मी सांगितलं. तो पेचकस घेऊन पुढच्या बोर्डाकडे गेला.

निघताना मी वत्सलाबाईंना म्हणालो, "माझ्याकडून आता काय करता येईल ते सांगा."

मला वाटलं त्या म्हणतील, काही नको. तसं म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे.

त्या म्हणाल्या, "जिथं जिथं मेणबत्ती सांगतली, तिथं तिथं जाऊन सांगजा. मले समजलं होतं तुमी सांगता म्हणून. आमच्या विहारातल्या बाया तुमच्या भाषणाले बसल्या होत्या."

मी गेलो. आधी विहारात. रविवारच्या वंदनेनंतर बायका बसल्या होत्या. मी उभा राहून सांगितलं. फार वेळ लागला नाही, चार वाक्यांचीच गोष्ट होती. एक म्हातारी म्हणाली, "वत्सला, तू तर म्हणतच होती वं."

"म्हणत होती," वत्सलाबाई म्हणाल्या. "मग म्हणणं सोडलं."

ज्या कॉलन्यांत मी बोललो होतो तिथेही गेलो. काही ठिकाणी कोणाला ते उदाहरण आठवतच नव्हतं. काही ठिकाणी आठवत होतं आणि लोक नाराज झाले. मेणबत्तीची गोष्ट त्यांना जास्त आवडली होती. त्यानंतर मी आणि इकबाल मी रंगवलेल्या घरांकडे वळलो. यादी नव्हती. मला घरं भिंतींच्या रंगावरून आठवतात. दार उघडणाऱ्याला सांगायचो, तुमचं घर मी रंगवलं होतं, बोर्ड मी उघडले होते, ते तपासायचे आहेत, फुकट. लोक आधी संशयाने पाहायचे. एका रिटायर्ड साहेबांनी विचारलं, "इतक्या वर्षांनी काहून आठवण आली?" मी कारण सांगितलं. त्यांनी दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या मुलाने फोन करून बोलावलं. बहुतेक घरांत सगळं ठीक निघालं. काहींत निघालं नाही. एका घरात गिझरच्या सॉकेटमागे तोच ठिपका होता, मोहरीएवढा. घरात रांगतं मूल होतं. इकबालने तो मला दाखवला आणि सॉकेट बदललं.

काही घरं मला सापडली नाहीत. विकली गेली, माणसं गेली, रंग बदलले. हे लिहितो आहे ते मुख्यतः त्यांच्यासाठी. नागपुरात तुमचं घर कोणा म्हाताऱ्या कॉन्ट्रॅक्टरने रंगवलेलं असेल आणि बोर्डाच्या कडेला रंगाची एकही रेघ नसेल, तर इलेक्ट्रिशियनला एकदा बोर्ड उघडायला लावा.

मिलिंद माझ्याशी बोलतो, पण काका म्हणत नाही. ते बरोबरच आहे.

त्या वर्षीच्या बुद्धपौर्णिमेला वत्सलाबाईंनी मला घरी बोलावलं. शेल्फ नवीन होतं, मूर्ती तीच. विजेचा दिवा कुठे दिसला नाही. त्यांनी मेणबत्ती लावली, वंदना म्हटली. विहारात जायची वेळ झाली. मिलिंद चप्पल घालून दारात उभा होता. बेडरूमचा कूलर त्याने नुकताच बंद केला होता आणि प्लगही काढला होता. वत्सलाबाईंनी बोटं ओली केली, वात चिमटीत धरली. चर्र असा आवाज झाला आणि धुराची एक बारीक रेघ मूर्तीसमोरून सरळ वर गेली.

"पायलं ना भाऊ?" त्या म्हणाल्या. "आता कोणी इचारलं तर सांगजा."

मी हो म्हणालो. मग सवयीने बेडरूममध्ये जाऊन वाकलो आणि पलंगाच्या उशाकडच्या प्लेटला हाताची पालथी बाजू लावली. थंड होती. हे कोणीही करू शकतं, त्याला इलेक्ट्रिशियन लागत नाही. उन्हाळ्यात कूलर तासभर चालला की प्लेटला हात लावून पाहावा. गरम लागली तर आधी मेन बंद करावा. आणि घरातलं कोणी म्हणालं की कसला तरी वास येतोय, तर त्याचं वय विचारू नये.